आईच्या कानाखाली गाठ, सुईच्या रिपोर्टात 'बेसलॉइड निओप्लाझम'. ऑपरेशन करावं की थांबावं?

सोनचाफा_नंदनवन
नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसती वाचत असते, आज मदत हवी म्हणून लिहितेय.

आईचं वय ६१. डाव्या कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यापाशी गाठ आहे. हाताला हालते, दुखत नाही, ताप नाही, मानेत दुसऱ्या गाठी नाहीत, चेहऱ्याची हालचाल नीट आहे. दाढेची सूज असेल म्हणून वर्षभर तिने कुणाला सांगितलंच नाही. सोनोग्राफीत पॅरोटिड लाळग्रंथीत २.१ बाय १.८ सेंमीची गाठ दिसली. मग सुईची तपासणी (एफएनएसी) केली. रिपोर्ट असा: 'बेसलॉइड निओप्लाझम, मिलान कॅटेगरी ४ बी. बेसल सेल ॲडेनोमा असू शकेल. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा वगळता येत नाही.'

कार्सिनोमा हा शब्द वाचल्यापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही.

एका डॉक्टरांनी पॅरोटिडेक्टमी (ग्रंथीच्या भागासकट गाठ काढणं) सांगितली, पूर्ण भूल देऊन, आणि चेहऱ्याच्या नसेला धोका असतो हेही सांगितलं. दुसरे म्हणाले, जागेवर इंजेक्शन देऊन तेवढी गाठ काढून देतो, संध्याकाळी घरी. उमरेडची मावशी म्हणते, सुई टोचली हेच चुकलं, आता ती पसरणार. आणि आई म्हणते, "दुखत नाही तर कापायचं कशाला?"

बेसल सेल ॲडेनोमा असलेलं इथे कुणी भेटलं नाही. कुणाला माहिती असेल तर कृपया लिहा.

इतवारीचा_भाऊ
ताई, आईले सांगा घाबरू नोका. माह्या साळ्याले अशीच कानाखाली होती. त्याची दुसऱ्या जातीची निघाली, प्लिओमॉर्फिक का काय म्हणतात ते. नागपूरच्या सरकारी मेडिकलले ऑपरेशन झालं, आता मस्त फिरून राहिला. पण संध्याकाळी घरी पाठवणाऱ्याकडं जाऊ नोका. काऊन, ते इथले डॉक्टर लोक सांगतीन.

आजीचा_बटवा
माझ्या सासूबाई अशा गाठीवर बिब्बा उगाळून लावत. गंडमाळेच्या गाठी त्याने बसलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. महिनाभर करून बघायला काय हरकत आहे? ऑपरेशन कुठे पळून जातंय.

कानघसा_सर्जन
बटवाताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण बिब्बा नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात. नेमकी तीच कातडी आम्हाला ऑपरेशनच्या वेळी उचलून नंतर परत शिवायची असते. भाजलेल्या, चिकटलेल्या कातडीखाली नस शोधणं फार अवघड जातं. गाठ पॅरोटिडच्या आत आहे, वरच्या लेपाचा तिथवर काही संबंध पोचत नाही.

सोनचाफा, सविस्तर लिहितो, कारण दोन डॉक्टरांच्या सल्ल्यातला फरक लहान नाही.

लाळग्रंथींच्या गाठींपैकी बहुतेक पॅरोटिडमध्ये होतात आणि पॅरोटिडमधल्या साधारण ८० टक्के गाठी साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या असतात. जबड्याखालच्या सबमँडिब्युलर ग्रंथीत हे प्रमाण निम्म्यावर येतं आणि जिभेखालच्या छोट्या ग्रंथीत उलटं होतं, तिथे बहुतेक गाठी वाईट निघतात. ग्रंथी जितकी लहान तितकी शंका जास्त, असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. तुमच्या आईची गाठ पॅरोटिडमध्ये आहे, हालते, दुखत नाही, चेहरा सरळ आहे, मानेत दुसऱ्या गाठी नाहीत. हे सगळं तुमच्या बाजूने आहे.

आता नसेचं. चेहरा हलवणारी फेशियल नर्व्ह कानामागच्या हाडातून बाहेर पडते, पॅरोटिडमध्ये शिरते आणि तिथे फांद्या फुटून कपाळ, डोळा, गाल, ओठ आणि मानेकडे जाते. वहीच्या पानांमध्ये ठेवून सुकवलेल्या पिंपळपानाच्या शिरा डोळ्यांसमोर आणा. पानं म्हणजे ग्रंथी. नसेच्या वरचा भाग सुपरफिशियल लोब, खालचा डीप लोब. बऱ्याचशा गाठी वरच्या भागात असतात. पॅरोटिडेक्टमीत आम्ही आधी नस शोधतो, तिच्या फांद्या एकेक करून मोकळ्या करतो आणि मग गाठ तिच्याभोवतीच्या निरोगी ग्रंथीसकट काढतो. नस दिसत असते म्हणून ती वाचते. जागेवर इंजेक्शन देऊन 'तेवढीच गाठ' काढताना नस बघितलीच जात नाही. शिवाय गाठीचं आवरण फाटलं की पेशी आजूबाजूला सांडतात.

अखंड राखलेल्या नसेचा अशक्तपणा पहिल्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना काही आठवडे ते काही महिने राहतो, बहुतेक वेळा खालच्या ओठाचा कोपरा नीट खाली ओढला जात नाही. तो भरून येतो. कायमचा दोष अनुभवी हातात १०० मध्ये ५ पेक्षा कमी लोकांना होतो. आकडा लहान आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याच्यासाठी ते पूर्ण आयुष्य असतं. म्हणून डॉक्टरांना तोंडावर विचारा: पॅरोटिड नियमित करता का, नर्व्ह मॉनिटर (ऑपरेशनमध्ये नसेचा माग दाखवणारं यंत्र) वापरता का? मॉनिटरने हात वाईटाचा चांगला होत नाही, पण चांगल्या हाताला मदत नक्की होते.

एमआरआय करून घ्या. गाठ नसेच्या वर आहे की खोलवर गेलीय, कडा कशा आहेत, हे सोनोग्राफीपेक्षा नीट कळेल.

मानेवाडा_मधुकर
डॉक्टरसाहेब, पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत सहमत. मी जिवंत उदाहरण आहे.

माझी गाठ काढली तेव्हा मी पंचविशीत होतो. गाव सोडून तालुक्याच्या ठिकाणच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो, तिथे भूल टोचून गाठ 'सोलून' काढली. रिपोर्ट प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा, साधी गाठ, विषय संपला असं सांगितलं. पुन्हा तपासायला या असं कुणी म्हटलं नाही. दहा-बारा वर्षांनी दाढी करताना जुन्या व्रणाखाली हाताला खडे लागले. एक नाही, बारीक बारीक पुष्कळ. एमआरआयमध्ये कातडीखालपासून नसेच्या आजूबाजूपर्यंत विखुरलेले दिसले.

दुसरं ऑपरेशन नागपुरात झालं आणि ते पाच तासांच्या वर चाललं. जुन्या व्रणात नस कुठे आहे हेच कळत नव्हतं, असं सर्जनने नंतर सांगितलं. माझा डावा डोळा अजून पूर्ण मिटत नाही. रात्री मलम आणि टेप. मे महिन्यातली आपली लू चालते ना, तेव्हा गॉगल घातल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नाही.

ताई, आईची गाठ दुसऱ्या जातीची असेलही. पण पहिलं ऑपरेशन हेच खरं ऑपरेशन. ते नीट माणसाकडून करा.

सोनचाफा_नंदनवन
मधुकरदादा, वाचून अंगावर काटा आला. एवढं मोकळेपणाने लिहिलंत, आभार. ते इंजेक्शनवाले आजपासून बाद.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजिस्ट आहे. बेसलॉइड या शब्दाचं कोडं सुटलं पाहिजे, कारण आईंच्या प्रकरणात सगळं त्याच्यावर आहे.

बेसलॉइड म्हणजे बेसल पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींची. सुईतून आम्हाला पेशी मिळतात, गाठीची कड मिळत नाही. बेसल सेल ॲडेनोमात गडद केंद्रकाच्या, थोडाच पेशीद्रव असलेल्या लहान पेशींचे पुंजके दिसतात, कधी त्यांच्या मधोमध गुलाबी-जांभळा पदार्थ. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमातही स्लाइडवर जवळपास हेच दिसू शकतं. त्याहून अवघड म्हणजे बेसल सेल ॲडेनोमा आणि बेसल सेल ॲडेनोकार्सिनोमा. या दोघांच्या पेशी इतक्या सारख्या असतात की फरक एकाच गोष्टीवर ठरतो: गाठ आवरण फोडून शेजारच्या ऊतीत शिरली आहे का. ते सुई सांगूच शकत नाही. पूर्ण गाठ, भोवतालच्या ग्रंथीसकट, आमच्या टेबलावर आली तरच सांगता येतं.

म्हणून हा रिपोर्ट लिहिणाऱ्याने काम टाळलेलं नाही, प्रामाणिकपणा दाखवलाय. लाळग्रंथींच्या सुईचे रिपोर्ट गटांत मांडणारी मिलान पद्धत २०१८ साली आली, २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. ४ ए म्हणजे जवळपास खात्रीने साधी गाठ. ४ बी म्हणजे गाठ नक्की आहे, पण साधी की वाईट हे सुईवरून ठरत नाही. ४ बी मधल्या साधारण एक तृतीयांश गाठी शेवटी वाईट निघतात. म्हणजे दोन तृतीयांश साध्या निघतात, हेही आईंना सांगा.

बेसल सेल ॲडेनोमा दुर्मीळ आहे, लाळग्रंथींच्या सगळ्या गाठींत १ ते ३ टक्के. क्लाइनझासर आणि क्लाइन यांनी १९६७ मध्ये तिचं वेगळं वर्णन केलं; त्याआधी अशा गाठी दुसऱ्या नावांखाली जात. बहुतेक पॅरोटिडमध्ये होतात, साठीच्या आसपास, बायकांना जास्त. तुमच्या आई या चित्रात बरोबर बसतात. पूर्ण काढली की ती सहसा परत येत नाही. अपवाद मेम्ब्रेनस प्रकाराचा. तो अनेक ठिकाणी उगवतो, परत येतो, आणि काही घरांत आनुवंशिक असतो. त्या लोकांच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर कातडीच्या गाठीही असतात. आईंना किंवा आजोळी कुणाला डोक्यावर अशा गाठी आहेत का, हे सर्जनला जरूर सांगा.

मावशींना सांगा, बारीक सुईने गाठ पसरण्याची भीती बाळगू नका. पॅरोटिडमध्ये चाकूने उघडून तुकडा घेणं मात्र टाळायचं असतं.

बिडीकारखाना
माझ्या बाबांचं लिहितो, म्हणजे सगळ्यांनाच कापायला पाठवू नये. बाबा ७४ वर्षांचे, आयुष्यभर बिडी. दोन्ही कानांखाली मऊ गाठी. सुईत वॉर्थिन ट्यूमर निघाला, घट्ट तपकिरी द्रव आणि तसल्या पेशी. हृदयाची बायपास झालेली. डॉक्टरांनी सांगितलं, सोनोग्राफी करत राहू, काढायची गरज नाही. गेली कित्येक वर्षं गाठी तेवढ्याच आहेत आणि बाबा रोज फुटाळा तलावावर फिरायला जातात.

कानघसा_सर्जन
बिडीकारखाना, तुमच्या बाबांच्या डॉक्टरांनी योग्य केलं. वॉर्थिन वयस्क, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत जास्त, दहातल्या एकाला दोन्ही बाजूंना, आणि त्यात कर्करोग होणं फारच विरळ. सुईत निदान पक्कं असेल तर थांबता येतं. प्लिओमॉर्फिकचं तसं नाही. ती वर्षानुवर्षं शांत बसलेली दिसते, पण जितकी जुनी तितकी तिच्यात कर्करोग उद्भवण्याची शक्यता वाढत जाते. तरुण माणसाच्या अंगात तीस-चाळीस वर्षं ती ठेवणं मला मान्य नाही. आणि सोनचाफाच्या आईंच्या बाबतीत तर निदानच पक्कं नाही. 'थांबून पाहू' हा सल्ला पक्क्या निदानावर उभा राहतो.

पोट्टा_सदरचा
तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ल्याने अशी गाठ होते का? मित्राले आहे म्हणून विचारून राहिलो.

स्लाइडवाली
खर्र्याने तोंडाचा कर्करोग होतो, जबडा उघडेनासा होतो, आणि आपल्या विदर्भात आम्ही ते रोज पाहतो. लाळग्रंथीच्या या साध्या गाठींशी त्याचा तसा संबंध दिसलेला नाही. वॉर्थिनचा संबंध धूम्रपानाशी आहे. पण खर्रा खाणाऱ्याच्या मानेत गाठ आली तर ती तोंडातल्या कर्करोगाची पसरलेली लसीकाग्रंथी असू शकते. मित्राला आजच तोंड उघडून दाखवायला सांगा, इथे उत्तर वाचून थांबू देऊ नका.

पोट्टा_सदरचा
उद्याच घेऊन जातो त्याले. धन्यवाद मॅडम.

इतवारीचा_भाऊ
शाब्बास रे पोट्ट्या. शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या आवारातच हाय. सकाळी लवकर जा, चिठ्ठीची लाइन मोठी राह्यते.

उमा_कामठी
टीबीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या बहिणीला कानासमोर गाठ होती, वय वीस. एका ठिकाणी कुठलीही तपासणी न करता, मानेची गाठ म्हणजे टीबीच, असं म्हणून सहा महिन्यांचा कोर्स दिला. लघवी लाल, मळमळ, कॉलेज बुडालं, गाठ तशीच. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सुई केली तर प्लिओमॉर्फिक निघाली. ऑपरेशन झालं, ती आता नोकरी करते.

आपल्याकडे टीबी आहे हे खरं. पॅरोटिडमधल्या लसीकाग्रंथीतही होतो म्हणे. पण सुई केल्याशिवाय गोळ्या चालू करू देऊ नका कुणाच्या पोरीवर.

कानघसा_सर्जन
उमाताई, अगदी बरोबर. सुईतून टीबीची तपासणीही होते, सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) तोच नमुना पाठवता येतो. आधी पुरावा, मग औषध.

लोणारकर
ऑपरेशननंतरचं मी सांगतो, कारण हे कुणी आधी सांगत नाही.

माझं सुपरफिशियल पॅरोटिडेक्टमी झालं. चेहरा छान आहे. कानाची पाळी मात्र बधिर. ग्रेट ऑरिक्युलर नावाची नस वाटेतच असते. सुरुवातीला पाळी माझी वाटायचीच नाही, आता बरीच जाणीव आली. काही दिवस नळी होती, ती काढल्यावर टाक्याखाली लाळ साठून फुगवटा आला. दोन-चारदा सुईने काढली, दाब पट्टी बांधली, गेला.

आणि मग संत्री. सहा-आठ महिन्यांनी, डिसेंबरचा थंडीचा दिवस, काटोलहून आलेली आंबटगोड संत्री खात बसलो होतो आणि गालावरून घाम ओघळायला लागला. फक्त त्याच गालावर, कानासमोर. सावजीच्या रश्श्याने घाम येतो तो सगळ्यांना सगळीकडे येतो, हा वेगळाच. बायको घाबरली. डॉक्टरांनी सांगितलं, फ्राय सिंड्रोम. लाळेच्या तुटलेल्या नसा परत वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात, मग जेवणाचा वास आला, आंबट दिसलं की लाळेऐवजी घाम. लुत्सिया फ्राय नावाच्या पोलिश डॉक्टरबाईंनी १९२३ मध्ये हे नीट मांडलं, म्हणून नाव.

आयोडीन लावून वर स्टार्च भुरभुरला, लिंबू खायला दिलं. जिथे घाम आला तिथे निळंकाळं झालं. मग त्या जागेवर बोटुलिनमची इंजेक्शनं दिली. काही महिने बरं असतं, मग परत घ्यावी लागतात. सध्या माझा त्रास इतका कमी आहे की रुमाल पुरतो. संत्री सोडलेली नाही.

आजीचा_बटवा
लोणारकरकाका, हे वाचून माहीत नसलेलं पुष्कळ कळलं. सोनचाफा, बिब्ब्याचं मी मागे घेते, डॉक्टरांनी कातडीचं सांगितलं ते पटलं. आईसाठी मऊ जेवण लागेल तेव्हा मला विचार. ज्वारीची आंबील, मुगाचं वरण, आणि जबडा दुखतोय तोवर चपाती कुस्करून दुधात.

इतवारीचा_भाऊ
बटवाकाकू, आता हे खरं औषध.

रेशनकार्ड
पैशाचं बोला कुणी. धंतोली-रामदासपेठेत खाजगीत खर्च मोठा होतो. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, शिवाय मिहानचं एम्स, तिन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. कर्करोगाची शंका पक्की झाली तर तुकडोजी चौकाजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी हॉस्पिटल आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्थाही आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा, तुमचं ऑपरेशन त्यांच्या यादीत बसतं का ते तोच बघून सांगतो. ॲडमिट झाल्यावर कागद गोळा करत बसू नका.

थोडं_थांबा
सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून विचारतो. दोन सेंमीची गाठ, साठी ओलांडलेली बाई, काही त्रास नाही. पूर्ण भूल, नसेचा धोका, घामाचा त्रास, बधिर पाळी. दोन तृतीयांश शक्यता साधी असण्याची. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करून वाढ बघितली तर काय बिघडेल? माझ्या वडिलांना अनावश्यक ऑपरेशनचा त्रास झालेला मी पाहिलाय, म्हणून कळकळीने विचारतो.

स्लाइडवाली
प्रश्न रास्त आहे. उत्तर त्या उरलेल्या एक तृतीयांशात आहे. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा सावकाश वाढतो, म्हणजे सहा महिन्यांत सोनोग्राफीवर फरक दिसेलच असं नाही. दरम्यान तो नसेच्या आवरणातून सरकत जातो आणि पुष्कळ वर्षांनी फुप्फुसात सापडू शकतो. वाढ दिसली नाही म्हणून साधी, हा निष्कर्ष या गाठीपुरता धोक्याचा. आई तब्येतीने ठीक असतील तर मी माझ्या स्वतःच्या आईला काढायलाच सांगितलं असतं. भूल झेपणारच नाही असं हृदय किंवा फुप्फुस असेल तर तुमचा विचार मी उचलून धरेन, आणि सोनोग्राफीच्या आधाराने जाड सुईचा तुकडा घेऊन जास्त रंग लावून बघेन. बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात दिसलं तर ते बेसल सेल ॲडेनोमाच्या बाजूने जातं. कडेचा प्रश्न तरीही राहतोच.

थोडं_थांबा
समजलं. सावकाश वाढण्याचा हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आभार.

सोनचाफा_नंदनवन
एमआरआय झाला. गाठ नसेच्या वरच्या भागात, कडा गुळगुळीत, आत थोडा पाण्याचा भाग, नसेकडे काही सरकल्यासारखं नाही. मानेत मोठ्या लसीकाग्रंथी नाहीत. आईला स्लाइडवाली मॅडमचा पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे काढल्याशिवाय तिचं नावही नक्की होत नाही? मग काढून टाका बाई." आजोळी डोक्यावर गाठी कुणाला नाहीत.

सर्जनला विचारायला प्रश्न सुचवा.

कानघसा_सर्जन
हे विचारा: ऑपरेशन चालू असताना फ्रोझन सेक्शनची (तुकडा गोठवून तिथल्या तिथे तपासण्याची) सोय आहे का, आणि त्यात वाईट निघालं तर तिथेच काय करणार? नस गाठीला चिकटलेली दिसली तर काय करणार? नस ऑपरेशनपूर्वी नीट चालत असेल तर साध्या गाठीसाठी ती तोडली जात नाही, हे उत्तर तुम्हाला त्यांच्या तोंडून ऐकू आलं पाहिजे. आणि रिपोर्टात आवरण, कडा, नसेभोवती शिरकाव या तिन्हींबद्दल स्पष्ट लिहून मागा. घरी आल्यावर डोळा मिटत नसेल तर त्याच दिवशी कळवायचं, थांबायचं नाही.

मानेवाडा_मधुकर
आणि स्लाइड व ब्लॉक (गाठीचे मेणात बसवलेले तुकडे) सांभाळून ठेवायला सांगा. माझ्या पहिल्या ऑपरेशनचे मिळालेच नाहीत, दुसऱ्या वेळी तुलना करायला काही नव्हतं.

सोनचाफा_नंदनवन
ऑपरेशन झालं. आई घरी आहे. खालचा ओठ डाव्या कोपऱ्यात थोडा वाकडा होतो, हसली की कळतं. डोळा पूर्ण मिटतो. पाळी बधिर, लोणारकरकाकांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून तिला धक्का बसला नाही.

रिपोर्ट: बेसल सेल ॲडेनोमा, ट्रॅबेक्युलर-ट्युब्युलर नमुना. आवरण अखंड, शिरकाव नाही, कडा मोकळ्या.

बटवाकाकू, आंबील जमली. मावशीही आली होती, तिने रिपोर्ट दोनदा वाचायला लावला.

स्लाइडवाली
फार आनंद झाला. मेम्ब्रेनस नाही, कडा मोकळ्या, शिरकाव नाही. तरी वर्षाला एकदा तपासून घ्या, दुसरी बाजूही.

इतवारीचा_भाऊ
आईले आमच्याकडून नमस्कार सांगा ताई. ओठ सरळ होते, माह्या साळ्याचा झाला.

नवेगाव_बांध
उशिरा आलोय, धागा अख्खा वाचला. माझ्या वरच्या ओठात आतल्या बाजूला छोटी गाठ आहे, टणक, हालते, दुखत नाही. दंतवैद्य म्हणाले, ओठ चावल्याने लाळेचा फुगा झाला असेल. हीसुद्धा लाळग्रंथीचीच असू शकते का?

स्लाइडवाली
असू शकते. ओठांत बारीक लाळग्रंथी असतात. लाळेचे फुगे मुख्यतः खालच्या ओठात येतात, कारण चावला जातो तो ओठ. ते मऊ, निळसर असतात, फुटतात आणि परत भरतात. वरच्या ओठातली टणक, न फुटणारी गाठ दिसली की आम्ही आधी कॅनालिक्युलर ॲडेनोमा किंवा प्लिओमॉर्फिकचा विचार करतो, आणि बारीक ग्रंथींत वाईट गाठींचं प्रमाण जास्त असल्याने ती तपासणीला पाठवल्याशिवाय सोडत नाही. तुमचं वय किती आणि गाठ केव्हापासून आहे?

नवेगाव_बांध
वय ६६. दिवाळीच्या आधीपासून. उद्या दंत महाविद्यालयात जातो, पोट्ट्याने सांगितलेल्या लाइनीत सकाळीच उभा राहतो.

पोट्टा_सदरचा
काका, लाइन भाऊनं सांगितली होती, मी नाही. पण मित्राचं दाखवून आलो आम्ही. तोंडात पांढरा चट्टा हाय, तुकडा घेतला, रिपोर्ट सोमवारी. खर्रा त्यानं बंद केला. सोबत मीबी.